बाकावरच्या सात जणी

अकरा वाजून गेले तरी उपकेंद्राच्या व्हरांड्यातला बाक रिकामाच होता.

डॉ. हेर्लेकर दारात उभ्या राहून रस्त्याकडे बघत होत्या. कोल्हापूरहून पहाटे निघून, जीपमध्ये ते यंत्र स्वतःच्या मांडीशी धरून त्या बोरखडीला आल्या होत्या. यंत्र आता आतल्या खोलीत मांडून ठेवलं होतं. एका दांड्यावर दुर्बीण, तिला दिवा, आणि शेजारच्या स्टुलावर लहानसा टीव्ही. सिस्टर ट्रेमधल्या वस्तू तिसऱ्यांदा सारख्या करत होत्या.

"सात जणी यायच्या होत्या," डॉक्टर म्हणाल्या. "दहाची वेळ दिली होती."

"येतील," मी म्हणाले. "बेदाण्याचा सीझन आहे. शेडवर तोंड दाखवून येत असतील."

त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. "तुम्हीच ना त्या वर्तमानपत्राच्या?"

"हो. वर्षा यादव, तालुका प्रतिनिधी." मी वही उघडली.

त्यांनी पिशवीतून घडी घातलेला अंक काढला आणि टेबलावर पसरला. मंगळवारचा अंक, पान तीन. चार कॉलम बातमी आणि वर फोटो, दोन्ही माझे. मला वाटलं, आता कौतुक करतील.

"मोजा," त्या म्हणाल्या.

"काय मोजू?"

"फोटोतल्या बायका."

मी मोजल्या नाहीत. बातमीचा मथळा माझ्याकडे बघत होता: 'बोरखडीत ११२ महिलांची तपासणी, सात जणी कर्करोगाच्या संशयित'. त्याच्याखाली याच व्हरांड्यातला हाच बाक, आणि त्यावर दाटीवाटीनं बसलेल्या बायका. डोक्यावर पदर, चेहरे अर्धेमुर्धे झाकलेले. शहरातल्या माणसाला त्यातली एकही ओळखू आली नसती. पण बोरखडीत पेपर सकाळी सहाला दूध डेअरीवर येतो. कॅनची रांग पुढे सरकेपर्यंत तो मोठ्यानं वाचला जातो, मग हातोहात फिरतो. तिथल्या माणसाला साडी पुरते, बसायची ढब पुरते.

"या बाकावर बसलेल्या कोण आहेत हे तुम्हाला माहीत होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. विश्वास बसला असावा.

ही २०१२ च्या फेब्रुवारीतली गोष्ट. मी सत्तावीस वर्षांची होते आणि तीन वर्षांत माझ्या एकाही बातमीवर खुलासा छापावा लागला नव्हता. शिबिर सोमवारी झालं. सिस्टरांनी दिवसभरात एकशे बारा बायकांच्या गर्भाशयाच्या तोंडाला व्हिनेगरसारखं औषध लावून बघितलं. ज्यांच्याकडे पांढरा डाग उमटला त्या सात. डॉक्टर त्या दिवशी होत्या, पण यंत्र दुसऱ्या तालुक्यात होतं. म्हणून सात जणींना गुरुवारची चिठ्ठी दिली.

"डाग म्हणजे कॅन्सर नव्हे," डॉक्टर मला सांगत होत्या. "सातातल्या चार-पाच जणींना नुसती सूज निघेल. पण दुर्बिणीतून बघितल्याशिवाय ते सांगता येत नाही. आणि खरंच बिघाड सुरू झाला असेल, तर आत्ता तो इथेच, या टेबलावर, दहा-पंधरा मिनिटांत गोठवून टाकता येतो. कळायला उशीर झाला, तर मग येत नाही." त्या थांबल्या. "मी सोमवारी सातही जणींना स्वतः बघितलंय. त्यातल्या एकीला थांबवून चालणार नाही."

"कोण?"

"ते तुम्हाला सांगू?"

मी वही मिटली.

"पाचला जीप निघणार. यंत्र उद्या पलूसला जातंय, मग पुढे. इथे परत यायला तीन महिने. आशाताई सकाळपासून फिरकलेली नाही. तुमची गाडी आहे ना? जा, काय झालंय बघून या."

आशा कार्यकर्ती नंदा कांबळे घरातच होती. दार लोटलेलं. हाक मारली तेव्हा तिनं फटीतून बघितलं आणि कडी काढली.

"या, ताई. आता तुमीच राहिला होता यायच्या."

"काय झालं?"

"काय व्हायचं राहिलंय? मंगळवारपास्नं एक बाई दारात उभी करत न्हाई मला. मी यादी इकली म्हणत्यात. पेपरला. सरपंचांनी बोलावून इचारलं, नंदा, किती मिळालं?" तिनं पदरानं तोंड पुसलं. "ताई, आपण त्या दिशी बोललो तरी का? तुमी कवा आला, कवा गेला, मला ठावच न्हाई. मी आत बायकांच्या चपला सांभाळत बसलेली."

"त्या सात जणी कुठे आहेत?"

"शेडवर. भायेर बसवल्यात. मालाला हात लावू देत न्हाईत. कुणी उठवलंय की हा रोग शिवल्यानं हुतो. कुणी म्हणतंय, वाईट चालीच्या बाईला हुतो. घ्या, दोन्हीकडनं मेल्या."

"मालन पवार ही त्यांची मुकादम ना? ती आली तर बाकीच्या येतील?"

"मालनकाकी उठली तर टोळी उठती. पर ती माझं तोंड बघायची न्हाई."

"चल माझ्याबरोबर."

"मला कशाला नेताय?"

का नेत होते ते मलाही नीट सांगता आलं नसतं. एकटीनं जायची भीती वाटत होती, एवढं खरं.

शेड गावाबाहेर, ओढ्याच्या पलीकडे. आत पत्र्याखाली चाळीसेक बायका ओळीनं बसून बेदाणा निवडत होत्या. हिरवा एकीकडे, काळपट एकीकडे, काड्या पायाशी. बाहेर उन्हात, रिकाम्या क्रेटच्या ढिगाजवळ सहा जणी क्रेट घासत होत्या. त्यांच्याजवळ प्लास्टिकची एक वेगळी कळशी. मी सहा मोजल्या. एखादी आडोशाला गेली असेल असं वाटलं.

मालन पवार पन्नाशीची, रुंद हाडाची, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तिनं मला लांबूनच ओळखलं.

"आली बघा फोटोवाली! नीट बसा गं, पदर सावरा. आज रंगीत काढणार का ओ ताई, का पुन्यांदा काळंपांढरंच?"

दोघी-तिघी हसल्या. 

"मालनकाकी, डॉक्टर तुमच्यासाठी थांबल्या आहेत."

"थांबू द्या की. आमाला बी थांबवलंय, हितं उन्हात."

"पाचपर्यंतच आहेत. परत तीन महिने येणार नाहीत."

"मग आमी तीन महिनं क्रेट घासतो. कसं?" तिनं हातातला काथ्या पाण्यात बुडवला. मग तिची नजर माझ्या मागे गेली. "हिला कशाला आणलंस? नंदे, किती घेतलंस गं? मला तरी सांगायचं, मी जास्ती घासाघीस करून दिली असती."

"काकी, पोराच्या गळ्याशप्पत..."

"पोराला मधी वढू नगंस. मला एवढंच सांग. त्या दिशी एकशे बारा बायका गेल्या का न्हाई? गेल्या. मग हिच्या फोटोत नेमक्या आमीच सात कशा घावलो? वाऱ्यानं सांगितलं हिला?"

नंदानं माझ्याकडे बघितलं. "ताई, सांगा की यांस्नी. मी तुमाला काय बोलले हुते का?"

घड्याळात बारा वाजायला दहा मिनिटं होती.

"नाही," मी म्हणाले. "नंदाताई मला काही बोलल्या नाहीत."

"मग सिस्टर बोलली," मालन म्हणाली.

"त्याही नाहीत. कुणी सांगायची गरजच नव्हती. मला माहीत होतं."

काथ्याचा आवाज थांबला.

"सोमवारी चारच्या सुमाराला मी व्हरांड्याच्या टोकाला उभी होते. सिस्टर आतून म्हणाल्या, ज्या सात जणींना थांबवलंय त्यांनी बाकावर बसा, चिठ्ठी देते. ते मी ऐकलं. त्याच्या आधीच्या महिन्यात माझी एक बातमी गेली होती. मजकुरात पाच मुलींचा सत्कार, फोटोत सहा मुली. आमचे संपादक चौगुले साहेब फोनवर ओरडले होते. म्हणाले, बातमीतला आकडा आणि फोटोतली माणसं जुळली पाहिजेत, वाचक मोजतो. म्हणून मी थांबले. सात जणी होईपर्यंत." बोलता बोलता मला वाटलं इथेच थांबावं. पण मग सांगितल्यासारखं झालंच नसतं. "सहा बसल्या होत्या. सातवी खांबाला टेकून उभी होती. मीच तिला म्हटलं, ताई, तुम्ही पण बसा ना, थोडं सरकून. ती बसली. मग मी फोटो काढला."

डॉक्टरांना मी सकाळी नाही म्हणाले होते, ते या बायकांना माहीत नव्हतं. तेवढं मी माझ्यापाशीच ठेवलं.

"म्हंजी तू मोजून काढलास," मालन म्हणाली.

"हो."

"चेहरे झाकल्यात म्हणून चालंल, असं वाटलं?"

"हो."

तिनं हात पदराला पुसले आणि उठून उभी राहिली. माझ्याहून वीतभर उंच. मला वाटलं, मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं असंही वाटलं.

"हे आत चल आन् सांग," ती म्हणाली. "आमाला सांगून काय उपेग? आमी तर मेलेल्याच हाय. त्या चाळीस जणींस्नी सांग. मालकास्नी सांग. हिच्यावरचं बालंट काढ आधी." तिनं हनुवटीनं नंदाकडे खूण केली.

शेडचे मालक दिलीप अण्णा वजनकाट्यापाशी होते. मी आत उभी राहून पुन्हा सगळं सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना सोपं जात नाही. उलट आधी राहिलेलं एकेक आठवत जातं. त्या सातवीनं बसायच्या आधी साडीच्या निऱ्या सारख्या केल्या होत्या, तेही मला तिथेच आठवलं.

"मॅडम," दिलीप अण्णा हलक्या आवाजात म्हणाले, "पेपरवाल्यांनी असं म्हणायचं नसतंय. दोन ओळी छापून टाका की, नजरचुकीनं वगैरे."

"नजरचूक नव्हती, अण्णा."

एका म्हातारीनं ताट बाजूला सरकवलं. "ते ऱ्हाऊ द्या. मला सांगा, ह्यास्नी रोग हाय का न्हाई?"

"अजून कुणालाच माहीत नाही, मावशी. डॉक्टरांनाही नाही. तेच बघायला आज बोलावलंय. आणि शिवल्यानं हा होत नाही. एका माठातलं पाणी पिऊन होत नाही."

"मग दोन दिस आमी येडीच म्हणायची," म्हातारी म्हणाली आणि परत ताट ओढलं.

मालन दारात उभी होती. "ऐकलं का गं समद्यांनी? नंदीनं काय इकलेलं न्हाई. आन् अण्णा, आमी जाऊन येतो. आल्यावर ह्या माठातलं पाणी पिणार हाय, भरून ठेवा." ती बाहेर वळली. "चला गं. हात धुवा."

पाऊण वाजता व्हरांड्यातला बाक भरला. पहिली मालनच आत गेली. दार बंद झालं. बाहेरच्या पाच जणी एकमेकींकडे न बघता बसून राहिल्या. एकीनं चिठ्ठीची इतक्यांदा घडी घातली की ती मधोमध फाटली.

वीस मिनिटांनी मालन बाहेर आली, पदर खोचत.

"दुखत न्हाई," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "गार लागतंय, बास. आन् ती दुर्बीण आत घालत न्हाईत, भायेरनंच बघत्यात. टीव्हीवर आपलंच आतलं दिसतंय. पन्नास वर्सात मी बघितलं नव्हतं, आज बघितलं. बघून घ्या, तिकीट न्हाई."

"तुमचं काय म्हणाल्या?" एकीनं विचारलं.

"सूज हाय म्हणाल्या. गोळ्या दिल्यात. जा तू."

दोन वाजून पाच मिनिटांनी सहावी बाहेर आली. चौघींना सूज. एकीचा डाग डॉक्टरांनी तिथेच गोठवला. एकीचा तुकडा तपासणीला घेतला, तो ठीक आला तर वर्षभरानंतर पुन्हा बघू असं म्हणाल्या. मी हे आकडे वहीत लिहिले नाहीत, पण ते आजही तोंडपाठ आहेत.

डॉक्टर हातमोजे काढत बाहेर आल्या. बाकावर नजर फिरवली.

"सातवी?"

"जयश्री न्हाई आली," मालन म्हणाली. "तिला नवऱ्यानं मंगळवारीच माहेराला नेऊन घातली. कुंभेवाडीला. पेपर दावून म्हणला, आता बस तिकडंच."

"तिला आज येता येणार नाही?"

"कोण पाठवतंय?"

डॉक्टरांनी टेबलावरचं रजिस्टर उघडलं, एका ओळीवर बोट ठेवलं, परत मिटलं. मग दुसऱ्यांदा, अगदी तशाच आवाजात विचारलं, "सातवी कुठे आहे म्हणालात?"

"कुंभेवाडीला."

"किती लांब?"

"सोळा-सतरा किलोमीटर," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. मग त्यांनी घड्याळ बघितलं. खांबाला टेकून उभी राहिलेली, निऱ्या सारख्या करून बसलेली, ती जयश्री.

"मी येते तुज्यासंगं," मालन म्हणाली. "तुला एकटीला बघून ते कुत्रं सोडतील अंगावर."

कुंभेवाडीचा रस्ता तेव्हा अर्धा खोदलेला होता. मालन स्कूटीवर मागे आडवी बसली होती आणि खड्डा आला की माझा खांदा धरत होती. वाटेत ती एकदाच बोलली.

"डॉक्टरांना जिची काळजी लागलीया, ती हीच ना?"

"मला कुणी सांगितलेलं नाही."

"मला बी न्हाई," ती म्हणाली. "जरा जोरात घे."

जयश्रीच्या माहेरचं घर वस्तीच्या टोकाला, पुढे पेरूचं झाड. आई अंगणात डाळ वाळत घालत होती. मालनला बघून ती उठली. मला बघून परत बसली.

"हीच का ती?" तिनं विचारलं.

"हीच," मालन म्हणाली. "हिला नंतर बोल काय बोलायचं ते. जयश्रीला बोलाव."

"तिला बरं न्हाई. झोपलीया."

"मग उठीव. आमी सहाच्या सहा जाऊन आलो. मी माझं बघून आले. तिला न्यायला आलोय."

"जावई म्हणलेत, हितनं हलायचं न्हाई. त्यांचं त्यास्नी कळतं. उगंच तुमी मधी..."

"आगं, जावई डॉक्टर हाय का?"

"डॉक्टर नसला तरी नवरा हाय. उद्या परत नांदवायला न्हेलं न्हाई, तर तू सांभाळणार हाईस का?"

मालननं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मी तिथे उभी होते आणि घड्याळात तीनला पाच कमी होते.

दारात जयश्री आली. चौतीस वर्षांची असेल. मी तिला सोमवारी बाकावर बसवलं होतं, पण चेहरा आज पहिल्यांदा बघत होते.

"काय म्हणत्यात डॉक्टर?" तिनं मलाच विचारलं. मालनला नाही.

खोटं बोलून तिला नेणं सोपं होतं. काही नाही, साधी सूज आहे, दहा मिनिटांचं काम आहे, असं म्हटलं असतं तर ती आली असती. खरंही मला माहीत नव्हतं. जे दिसलं होतं तेवढंच मी सांगितलं.

"सहा जणींचं दोन वाजता संपलं. डॉक्टर गेल्या नाहीत. सातवी कुठे आहे असं त्यांनी दोनदा विचारलं."

मग तिनं आईकडे बघितलं, आणि आईनंही ते ऐकलं होतं हे मला तिच्या हातातल्या सुपावरून कळलं. ते तिरपं झालं होतं आणि डाळ एका बाजूनं खाली सांडत होती.

"दोनदा?" जयश्रीनं विचारलं.

"दोनदा."

"मला पंधरा दिसांतनं एकदा लाल जातंय," ती मालनला म्हणाली. "सहा महिनं झालं. मी म्हणलं, उन्हाचं असंल."

"चपला घाल," मालन म्हणाली.

आई आत गेली. मला वाटलं, दार लावून घेणार. ती बाहेर आली ती एक धुतलेलं लुगडं घेऊन. मुलीच्या हातात दिलं आणि म्हणाली, "बदलायला लागलं तर." मग लगेच, "मी जावयास्नी फोन करणार हाय. माझ्यावर येईल न्हाईतर."

"कर," जयश्री म्हणाली.

स्कूटीवर तिघी. मधे जयश्री, मागे मालन. द्राक्षांचा एक ट्रॅक्टर पुढे आडवा लागला आणि त्याला ओलांडता येईना. मी हॉर्न वाजवत राहिले. मालन मागून ट्रॅक्टरवाल्याच्या सात पिढ्या उद्धरत राहिली. जयश्रीनं माझ्या पाठीला हात लावला नाही. दोन्ही हातांनी ती लुगड्याची घडी धरून बसली होती. प्रत्येक खड्ड्याला ती पडेल अशी मला धास्ती वाटत होती, आणि धरून बस असं सांगायची हिंमत होत नव्हती.

आम्ही पोहोचलो तेव्हा चार वाजायला दहा मिनिटं होती. डॉक्टर दारातच होत्या. त्यांनी जयश्रीच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिला आत नेलं. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही बाहेर."

पाऊण तास दार बंद होतं. सहा जणींपैकी कुणी घरी गेलं नव्हतं. मालकाची परवानगी दुपारपुरतीच होती, तरी शेडवरही गेलं नव्हतं. आत एकदा सिस्टरांचा आवाज आला, एकदा पाण्याचा. जयश्रीचा आवाज आलाच नाही.

दार उघडलं. डॉक्टर प्रथम मालनला म्हणाल्या, "तिच्याजवळ बसा." मग जयश्रीला, आमच्यासमोरच, अगदी सावकाश सांगितलं, "हे बघा, तुकडा घेतलाय, तो तपासायला जाईल. पण त्याची वाट बघत घरी बसायचं नाही. उद्या सकाळी मिरजेला मोठ्या दवाखान्यात जायचं. मी चिठ्ठी दिलीय, फोनही करते. वेळेत आलात तुम्ही. पण उद्या म्हणजे उद्या."

"काय हाय ते सांगा," जयश्री म्हणाली.

"सुरुवात दिसतेय. अगदी सुरुवात. म्हणून घाई करतेय."

फाटकाशी मोटारसायकल येऊन थांबली. जयश्रीचा नवरा संपत. अंगावर द्राक्षबागेतल्या फवारणीचे डाग, कामावरून तसाच आलेला. गाडी चालूच ठेवून तो उतरला. व्हरांड्यातल्या सगळ्या बायका उठून उभ्या राहिल्या.

"कुणाला इचारून आलीस?" तो ओरडला. "त्या दिशीची शोभा कमी झाली म्हणून परत हितंच आलीस? आन् तू," त्यानं माझ्याकडे बोट केलं, "तुला तर..."

मी पुढे झाले. सकाळपासून दोनदा सांगितलेलं तिसऱ्यांदा सांगायची माझी तयारी होती. पण जयश्रीनं मला हातानं बाजूला केलं.

पुढचं मला नंतर कळत गेलं. नवव्या दिवशी मिरजेला तिचं ऑपरेशन झालं, त्यानंतर किरणं घ्यावी लागली नाहीत. दिलीप अण्णांनी कार्यालयात फोन करून मी शेडवर काय बोलले ते सांगितलं आणि चौगुले साहेबांनी मला सहा महिने बाजारभावाच्या पानावर बसवलं. नंदाच्या दारात बायका पुन्हा यायला लागल्या. जयश्री आजही बेदाण्याच्या शेडवर जाते, मालनच्या जागी मुकादम म्हणून. तिनं माझ्याशी पुन्हा कधी शब्द काढला नाही. मीही ही गोष्ट छापली नाही. आज, दहा-बारा वर्षांनी, हे लिहू का, असा तिला मालनकडून निरोप पाठवला. 'नाव-गाव बदलून लिही' एवढंच उत्तर आलं. म्हणून लिहिते आहे, नाव-गाव बदलून.

त्या संध्याकाळी मात्र यातलं काहीच ठाऊक नव्हतं. एवढंच दिसलं की जयश्री पायऱ्या उतरली आणि नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. तिच्या हातात डॉक्टरांची चिठ्ठी होती.

"वरडू नगा," ती म्हणाली. "डेअरीवर वाचून झालंय, शेडात झालंय, तुमच्या भावकीत झालंय. आता मला कुणापास्नं लपवायचंय? सांगा की, कोण राहिलंय?"

संपतनं फाटकाबाहेर जमलेल्या माणसांकडे बघितलं, बाकापाशी उभ्या असलेल्या सहा जणींकडे बघितलं, आणि तो एक पाऊल मागे सरला.

"हे एकदा वाचा," तिनं चिठ्ठी त्याच्या हातात दिली. "आन् गाडी वळवा. उद्या सकाळी सातला मिरजेला जायचंय. आज घरी जाऊन डबा करायचाय."

ती त्याच्या आधी जाऊन मोटारसायकलच्या मागच्या सीटवर बसली.